पडलेला खांब

विजेच्या खांबाकडे मान वर करून पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या उपनगरातल्या गल्लीच्या तोंडाशी जो खांब आहे, तो माझ्या आठवणीप्रमाणे पंचवीस वर्षे तरी तिथेच उभा आहे. ‘जागा भाड्याने देणे आहे’पासून ‘मूळव्याध मुळापासून बरी’पर्यंत सगळ्या जाहिराती त्याने अंगावर वागवल्या, गणपतीत त्याच्यावर लाउडस्पीकर चढला, दिवाळीत आकाशकंदिलाची दोरी त्याच्या गळ्यात पडली, आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी बारा महिने तेरा काळ त्याचा यथास्थित उपयोग केला. पण हा खांब आहे कुणाचा, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. सूर्य कुणाचा, असे आपण कुठे विचारतो? खांबाचा मालक आठवतो तो खांब आडवा झाल्यावर.

२०२० सालच्या उन्हाळ्यात असे पुष्कळ खांब आडवे झाले. २० मे रोजी ‘अम्फान’ वादळ बंगालवर चालून गेले आणि बरोबर चौदा दिवसांनी, ३ जून रोजी, ‘निसर्ग’ आपल्या कोकणात श्रीवर्धनच्या बाजूला उतरले. टाळेबंदीचे दिवस. कॉलेज बंद, वाचनालय बंद, एवढेच काय पण नाक्यावरचा भजीवालाही बंद. तेव्हा वाद घालण्याखेरीज माणसाला दुसरा उद्योग उरला नव्हता. संध्याकाळी आम्ही चारपाचजण गच्चीवर जमत असू. तोंडाला फडकी बांधून आणि एकमेकांपासून चार हात दूर. या सभेचे कायमचे अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारचे नाना. नाना बँकेत हिशेबतपासनीस होते. नोकरी सुटली, पण तपासणे काही सुटले नाही. वाण्याची चिठ्ठीसुद्धा दोनदा बेरीज केल्याशिवाय ते खिशात घालीत नाहीत.

“मास्तर, हे वाचलंत का?” असे म्हणून त्यांनी एक दिवस कोलकत्याची बातमी माझ्यापुढे धरली. (कॉलेजात शिकवणाऱ्यालाही नाना मास्तरच म्हणतात, आणि खरे सांगायचे तर ‘प्राध्यापक’पेक्षा मला ते बरे वाटते.) कोलकत्यात हजारो झाडे उन्मळून पडली होती, तारा तुटल्या होत्या. कित्येक वस्त्यांत दिवसामागून दिवस वीज नव्हती, आणि पंप बंद म्हणून पाणीही नव्हते. लोक रस्ते अडवून बसले होते. झाडे हटवायला लष्कर बोलवावे लागले. आता कोलकत्याला वीज पुरवणारी कंपनी खासगी. तीही आजकालची नव्हे, १८९७ सालची. लोक सरकारच्या नावाने बोटे मोडीत होते आणि मुख्यमंत्री सांगत होत्या की ही कंपनी खासगी आहे, आमच्या ताब्यातली नाही.

“बरोबर आहे त्यांचं,” नाना म्हणाले. “नफा कंपनीनं घ्यायचा आणि खांब पडला की शिमगा सरकारच्या दारात? उद्या म्हणतील, दुरुस्तीचे पैसेही सरकारनंच द्यावेत. माझ्या गॅलरीचा पत्रा उडाला तर तहसीलदार येणार आहे का नवा पत्रा घेऊन?”

“नाना, तुमचा पत्रा उडाला तर तुम्ही एकटे भिजता. कंपनीचा खांब पडला तर सगळी गल्ली अंधारात बसते.”

“म्हणून मालकाचं नुकसान आपण भरून द्यायचं? वाण्याचं दुकान जळालं तर सगळी गल्ली उपाशी राहते. त्याला का नाही देत?”

“गल्लीत वाणी चार आहेत. तारा एकाच्याच.”

नाना थोडा वेळ गप्प राहिले. पण गप्प राहणे म्हणजे मान्य करणे असा अर्थ हिशेबतपासनीसांच्या बाबतीत कधी घेऊ नये.

त्यानंतर आठच दिवसांत ‘निसर्ग’ आले आणि वादाला आमच्या घरचाच धागा मिळाला. माझी आत्या श्रीवर्धनजवळ एका वाडीत एकटी राहते. तेव्हा तिचे वय चौऱ्याहत्तर होते. घरामागे नारळ-सुपारीची बाग, बागेत विहीर, विहिरीवर पंप. वादळाने बाग झोपवली. घराची अर्धी कौले गेली, आणि वाडीतले खांब तर कणसे मोडावीत तसे मोडून पडले. पाच दिवस तिचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. सहाव्या दिवशी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ती जिथे फोन लागतो अशा टेकाडावर गेली आणि तिथून बोलली. घराचे, बागेचे सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, “लाइट गेले त्याचं मेलं काही नाही रे. कंदिलात जन्म काढलाय. पण पाणी गेलं. पंप आला तेव्हा रहाट मोडून सरपण केलं होतं. आता या वयात दोर टाकून कळशी ओढत्ये.”

पुढे सत्तावीस दिवस ती कळशी ओढीत होती. तिकडचे खांब सरकारी कंपनीचे. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून वायरमन आले. कुणी शाळेत झोपले, कुणी देवळात. खांब खड्ड्यांपर्यंत नेण्यासाठी आधी पडलेल्या सुपाऱ्या तोडाव्या लागत. आत्याने त्यांच्यासाठी पिठले केले, आणि पाणी मात्र बेताने दिले. कारण प्रत्येक तांब्यामागे तिचा खांदा दुखत होता.

मी तिला नानांचा प्रश्न सांगितला. सरकारी खांबाचे एक असो, पण खासगी कंपनीचा खांब सरकारने का उभारावा? ती म्हणाली, “खांबाला काय सातबारा असतो काय रे? आधी उभा करा म्हणावं, मग कोर्टात जा.”

हे वाक्य मी गच्चीवर जाहीर केले. नाना म्हणाले, “तुमच्या आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. पण खांबालाही सातबारा असतो. ताळेबंदात असतो.”

मी मराठी शिकवतो, म्हणून असे वाद ऐकताना माझे अर्धे लक्ष मुद्द्याकडे आणि अर्धे शब्दांकडे असते. ‘खासगी’ हा शब्दच पाहा. आज आपण त्याचा अर्थ ‘सरकारी नव्हे ते’ असा घेतो. मराठेशाहीत मात्र खासगी म्हणजे खुद्द राज्यकर्त्याच्या घरची मिळकत. होळकरांकडे दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, धर्मशाळा, विहिरी आणि देवळे बांधली, त्यांचा खर्च दौलतीवर न टाकता खासगीतून केला, म्हणून त्यांचे नाव निघते. म्हणजे खासगी पैशातून लोकांची विहीर. आणि आता वाद कशाचा, तर लोकांच्या पैशातून खासगी खांब! शब्द तोच, पण पैशाचा प्रवाह उलटा झाला. नानांना हे फार आवडले. ते म्हणाले, “बघा, अहिल्याबाईसुद्धा माझ्याच बाजूच्या!”

वास्तविक मी ते त्यांच्या बाजूचे म्हणून सांगितले नव्हते.

या प्रश्नाशी माझी पहिली गाठ पडली ती ओडिशात, आदल्या वर्षी. २०१९ च्या डिसेंबरात भुवनेश्वरला भाषांतरावर चर्चासत्र होते. तीन दिवस निबंध ऐकून कान किटले, तेव्हा कटकला ओडिया शिकवणारे एक प्राध्यापक मला पुरीला घेऊन गेले. त्याच वर्षी ३ मे रोजी पुरीजवळ ‘फनी’ वादळ उतरले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंडे नसलेले माड उभे होते. छत्रीचे कापड उडून नुसती काठी राहावी तसे. आणि त्या बोडक्या माडांच्या ओळीत मधूनमधून कोरे करकरीत विजेचे खांब. त्या वादळात दीड लाखाहून अधिक खांब पडले होते. मी खांबांकडे पाहतो आहे असे दिसल्यावर ते मित्र म्हणाले, “हे काहीच नाही. आमचं खरं वादळ नव्व्याण्णव सालचं.”

त्या वादळाची कथा आपल्या मुंबईकरांना परकी वाटायचे कारण नाही. विजेचे वाटप खासगी कंपन्यांकडे देणारे ओडिशा हे देशातले पहिले राज्य. राज्याचे चार तुकडे केले आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये त्यांतले तीन घेतले ते आपल्या मुंबईच्या बीएसईएसने. होय, तीच ती उपनगरांतली जुनी कंपनी, जिचे बिल माझ्या लहानपणी आमच्या दारात पडत असे. पुढे त्याच बिलावर रिलायन्सचे नाव आले आणि २०१८ पासून अदानींचे; खांब मात्र होते तिथेच. असो. चौथा तुकडा भुवनेश्वर, कटक, पुरी, जगतसिंगपूर, केंद्रपाडा या बाजूचा. तो एईएस नावाच्या अमेरिकन कंपनीने घेतला, १९९९ च्या सप्टेंबरात. शंभरातले ५१ हिस्से तिचे. किल्ल्या हातात येऊन जेमतेम दोन महिने होत होते, आणि २९ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ आले. ताशी २६० किलोमीटरचा वारा, पाठोपाठ समुद्र. सुमारे दहा हजार माणसे गेली.

“आमच्या गावच्या वीज-ऑफिसवर बोर्ड नवा होता,” मित्र सांगत होते, “आणि खांब जुने. वादळात बोर्डही गेला, खांबही गेले. माणसं ऑफिसात जाऊन विचारायची, आता मालक कोण? बोर्ड असता तर वाचून तरी सांगितलं असतं.”

वादळानंतर नवव्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, दिवाळी होती. ओडिशात दिवाळीच्या संध्याकाळी पितरांना बोलावतात. तागाच्या वाळक्या काड्या पेटवून आकाशाकडे धरायच्या आणि पूर्वजांना हाक घालायची, की अंधारातून या आणि उजेडातून परत जा. त्या वर्षी काड्या भिजलेल्या होत्या. मित्रांच्या आईने चुलीजवळ दोन दिवस धरून चार काड्या वाळवल्या आणि तेवढ्या पेटवल्या. साऱ्या गावात त्या रात्री दुसरा उजेड नव्हता. “आई म्हणाली, यंदा पितर पुष्कळ आहेत, त्यांना वाट दिसायला हवी.” हे सांगून ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मीही काही बोललो नाही.

पुढे २००१ साली ती अमेरिकन कंपनी ओडिशा सोडून गेली. एकट्या वादळामुळे गेली असे मी म्हणणार नाही. शंभरातली चाळीसहून अधिक युनिटे वाटेतच नाहीशी होत होती, बिले वसूल होत नव्हती, सरकारी कंपनीच्या थकबाकीवरून भांडणे होती. घर आधीच कर्जात असावे आणि वर कौले उडावीत, त्यातला प्रकार. पण मला लागून राहिले ते एवढेच, की मालक निघून जाऊ शकतो. खांबाखालचा माणूस जाऊ शकत नाही.

नानांना उत्तर द्यायचे म्हणून टाळेबंदीत मी वाचायला बसलो. मराठीच्या मास्तराने विजेच्या कंपन्यांची दिवाळखोरी वाचावी हे माझ्या पत्नीला जरा चमत्कारिक वाटले. ती म्हणाली, “यापेक्षा माळ्यावरचे डबे काढून द्या.” डबे काढून दिले आणि वाचलेही. त्यात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराची हकीकत मला फार मोलाची वाटली; कारण आमच्या गच्चीवरचा वाद तिथे खराच घडला आणि त्याचा निकालही लागला.

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ वादळ आले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. शहराला वीज आणि गॅस पुरवणारी एन्टर्जी न्यू ऑर्लीन्स ही कंपनी खासगी. ग्राहक दोन लाखांच्या आसपास. विजेची उपकेंद्रे बुडाली, गॅसच्या नळांत खारे पाणी शिरून ते आतून गंजू लागले. वादळानंतर चार आठवड्यांच्या आत, २३ सप्टेंबरला, कंपनीने कोर्टात जाऊन दिवाळखोरीचा अर्ज दिला. आता अमेरिकेत आपत्तीच्या मदतीचा एक कायदा आहे, १९८८ सालचा स्टॅफर्ड कायदा. त्याचा नियम असा, की विजेची व्यवस्था नगरपालिकेची असेल किंवा नफा न घेणाऱ्या सहकारी संस्थेची असेल, तर दुरुस्तीचा बहुतेक खर्च, निदान पाऊण तरी, केंद्र सरकार सोसते. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला त्यातून छदाम मिळत नाही. म्हणजे एकाच वादळात, एकाच रस्त्यावरचे दोन खांब पडले. डावीकडचा सहकारी संस्थेचा, उजवीकडचा कंपनीचा. डावीकडच्याला सरकारचा हात, उजवीकडच्याला कंपनीची बिले भरणाऱ्यांचा खिसा. अंधार दोन्हीकडे सारखाच.

“नियम चोख आहे,” नाना म्हणाले. “कंपनीला भागधारक आहेत ना? त्यांनी द्यावे.”

मलाही प्रथम तसेच वाटावे अशीच गोष्ट होती. विशेषतः या कंपनीची आई, म्हणजे मूळची मोठी कंपनी, चांगली नफ्यात होती. लेक पाण्यात बुडते आहे आणि आई काठावर उभी राहून सरकारकडे बोट दाखवते आहे, असे चित्र कुणाला रुचेल? आईने लेकीला पैसे दिले, नाही असे नाही. पण कर्ज म्हणून, कोर्टाच्या देखरेखीखाली.

पण पुढचा हिशेब असा आहे. भागधारकाने खर्च केला तरी तो त्याच्या खिशातला खर्च राहत नाही. वीज कंपनीचा दर ठरवून दिलेला असतो, आणि योग्य खर्च भरून निघावा असाच ठरवलेला असतो. आज तारा टाकल्या की उद्या त्यांचा पैसा बिलात येतो. बिल कुणाला? जे शहरात उरले त्यांना. वादळानंतर वर्ष उलटले तेव्हा न्यू ऑर्लीन्सची वस्ती जेमतेम निम्मी होती. ज्यांना दुसऱ्या गावी घर घेता आले ते तिकडे राहिले. परत आले त्यांत काही हौसेने आले. पण पुष्कळजण आले ते दुसरीकडे कुठे जाण्यासारखे नव्हते म्हणून. संपूर्ण शहराच्या तारा उभारायच्या आणि त्यांचा भार या निम्म्यांनी उचलायचा! बरे, दर वाढले की उरलेल्यांतलेही काही निघून जाणार. म्हणजे जे मागे राहतील त्यांचा भार आणखी वाढणार. विहिरीवर दहा घरांनी ओढायचा दोर आणि त्यांतली सहा घरे गाव सोडून गेली, तर राहिलेल्यांचे खांदे किती दुखतील हे आत्याला विचारावे.

हा हिशेब वाचला आणि माझे मत पक्के झाले. मदत कंपनीला द्यायची म्हणून द्यायची नाही. पण ती न दिल्याने जो भुर्दंड पडतो तो कंपनीला पडतच नाही. तो कळशी ओढणाऱ्याला पडतो.

न्यू ऑर्लीन्सला शेवटी मदत मिळाली, पण पुढच्या दारातून नव्हे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने वस्त्यांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना मोठी रक्कम दिली होती. त्यातून लुइझियाना राज्याने या कंपनीसाठी २० कोटी डॉलरपर्यंत रक्कम राखून ठेवली. कंपनीने खर्च दाखवायचा आणि शहराच्या नगरपरिषदेने तो तपासून मान्य करायचा. २००७ साली पैसे मिळाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली. याला आधीचा दाखला न्यूयॉर्कचा होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी तिथली जी तिसरी मोठी इमारत कोसळली, तिच्या खाली विजेची दोन उपकेंद्रे गाडली गेली. तिथली खासगी कंपनी काही थांबली नाही. तिने रस्त्यांवरून, पदपथांवरून मैलोगणती केबल उघड्यावर अंथरली आणि आठवडाभरात दिवे लावले. या कंपन्यांच्या दुरुस्तीसाठी नंतर केंद्राच्या पैशातून सुमारे ७५ कोटी डॉलरांची योजना झाली. कायद्याचे दार बंद होते, तेव्हा संसदेने खिडकी उघडली, म्हणा ना.

पण खिडकी प्रत्येक वेळी उघडते असे नाही. न्यू ऑर्लीन्सवर २०२१ साली पुन्हा वादळ आले, ‘आयडा’. आणि योगायोग पाहा, तारीख तीच, २९ ऑगस्ट. शहरात वीज आणणाऱ्या आठच्या आठ मोठ्या वाहिन्या बंद पडल्या. या वेळचा दुरुस्तीखर्च भागवायला मुख्यतः कर्जरोखे काढण्यात आले, आणि त्यांची फेड वर्षानुवर्षे ग्राहकांच्या बिलातून व्हायची आहे.

हे सारे मी गच्चीवर मांडले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग चष्मा पुसला. नाना चष्मा पुसू लागले की आम्ही समजतो, आता खरी तपासणी सुरू झाली.

“मास्तर, तुमचं निम्मं बरोबर आहे. आता माझं निम्मं ऐका. विजेच्या कंपनीचा नफा वाण्यासारखा नसतो. तिनं खांबात, तारेत जे भांडवल घातलं त्यावर आयोग तिला टक्केवारीनं नफा बांधून देतो. आपल्या केंद्रीय आयोगानं २००९ साली तो साडेपंधरा टक्के धरला होता. म्हणजे खांब ही नुसती वस्तू नाही, ती दुभती गाय आहे. जुना खांब घसाऱ्यानं निम्मा झालेला असतो. तो पडला, त्याच्या जागी नवा, महागाचा आला, तर गाय जास्त दूध देणार. आता सांगा, ही नवी गाय सरकारनं म्हणजे तुम्ही आम्ही विकत घेऊन दिली, आणि दूध कंपनी काढू लागली, तर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण नानांकडेच होते, आणि ते त्यांनी मला विजयी मुद्रेने वाचून दाखवले. आपल्याकडच्या वीजदराच्या नियमांत ही वाट बुजवलेली आहे. अनुदानातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर कंपनीला नफाही लावता येत नाही आणि घसाराही काढता येत नाही. सरकारच्या पैशाचा खांब कंपनीने वापरावा, सांभाळावा. पण ती गाय तिच्या गोठ्यात भाकड समजायची.

“मग भांडण मिटलं की!” मी म्हणालो.

“कसलं मिटतंय! नियम आहे, पण कुठला खांब अनुदानाचा आणि कुठला कंपनीचा हे वादळानंतरच्या चिखलात कोण लिहून ठेवणार? वायरमन रात्री दोन वाजता खांब पुरत असतो, तो काय पावती फाडतो? आणि मदत किती, तेही बघा.” त्यांनी आपत्ती निवारणाच्या सरकारी निकषांचा कागद पुढे केला. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या त्या निकषांत एका पडलेल्या खांबाला ४,००० रुपये, तुटलेल्या तारेच्या एका किलोमीटरला ५०,००० आणि बिघडलेल्या एका ट्रान्सफॉर्मरला १ लाख रुपये असा दर होता. हा आकडा मी आत्याला सांगितला, तर ती फोनवर खळखळून हसली. “चार हजारांत माझा अंगणातला मांडव उभा राहिला नाही रे!”

यातून माझा आणि नानांचा एक तह झाला. पैसे द्यावेत, नुकसानीचा अंदाज पाहून नव्हे तर तपासलेला खर्च पाहून द्यावेत, आणि दिलेला प्रत्येक रुपया दराच्या हिशेबातून वजा झालेला बिलावर दिसावा. शेवटची अट नानांची. ते म्हणतात, मदत मिळाली हे कंपनीच्या अहवालात पान तीनशे बाराच्या तळटिपेत लिहिले तर ते मला न सांगितल्यासारखेच आहे. या बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. लोकांचा पैसा खासगी जागेत गेला की तो दिसेनासा होतो, ही भीती साधार आहे. पण म्हणून तो जाऊच द्यायचा नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे.

ओडिशाचे चक्र मात्र पुन्हा फिरले. मधल्या काळात आयोगाने जुन्या खासगी कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द केले होते. मग २०२० आणि २०२१ मध्ये चारही भाग एकेक करून टाटांकडे गेले; ५१ हिस्से टाटांचे, ४९ राज्य सरकारचे. म्हणजे खांब निम्म्याहून थोडा जास्त खासगी आणि निम्म्याहून थोडा कमी सरकारी! बालासोर-भद्रकचा उत्तर भाग ताब्यात आला १ एप्रिल २०२१ रोजी, आणि २६ मे रोजी, पंचावन्नाव्या दिवशी, ‘यास’ वादळ नेमके त्याच किनाऱ्यावर उतरले. नव्या मालकाला दोन महिने पुरे होऊ द्यायचे नाहीत, असा त्या समुद्राचा काही नेम आहे की काय कोण जाणे. मी कटकच्या मित्रांना फोन केला. या वेळी माणसे आधीच हलवली होती. खांब, तारा, माणसे यांची जुळवाजुळव वादळापूर्वीच झाली होती. आणि बहुतेक ठिकाणी काही दिवसांत दिवे आले. “मालक कोण, असं कुणी विचारलं का?” मी म्हटले. ते म्हणाले, “वेळच मिळाला नाही.”

आत्याच्या वाडीत दिवे आले ते त्या जूनच्या अखेरीस. पंप पुन्हा सुरू झाला. पण विहिरीचा दोर तिने आता काढून टाकलेला नाही. रहाटही नवा करून घेतला आहे; सुताराला सांगून, पडलेल्या फणसाच्या लाकडाचा.

आणि नाना गेले महिनाभर एका अर्जात गुंतले आहेत. वीजदर ठरवण्यापूर्वी आयोग लोकांच्या सूचना मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. आपत्तीत मिळालेल्या सरकारी मदतीचा निराळा रकाना प्रत्येक कंपनीच्या दरपत्रकात असावा, अशी त्यांची सूचना आहे. मसुदा शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आला. त्यात त्यांनी एके ठिकाणी ‘कंपनीला मिळालेली भीक’ असे लिहिले होते. मी ते खोडून ‘साहाय्य’ केले. नानांनी ते पुन्हा खोडले. दोन दिवसांच्या वाटाघाटीनंतर ‘ग्राहकांच्या वतीने मिळालेली रक्कम’ यावर तडजोड झाली आहे. अर्जाच्या तीन प्रती काढून झाल्या. सुनावणीला मी बरोबर यावे असा त्यांचा आग्रह आहे. तिथे कुणी इंग्रजीत विचारलेच तर मराठीत ठणकावून उत्तर द्यायला एक मास्तर जवळ असलेला बरा, म्हणतात.